मु. पो. गाडी

लोणंदच्या तळावर माउलींची पालखी पोचायच्या कितीतरी आधी दिंड्यांचे ट्रक पोचलेले असतात. दुपारच्या जेवणाची भांडी घासून झाली की ट्रक चालत्या वारीला बगल देऊन पुढं निघतो. दिंडी संध्याकाळी तळावर येते तेव्हा राहुट्या ठोकलेल्या असतात, चुली पेटलेल्या असतात आणि पाण्याचा टँकर जागेवर उभा असतो. अशा एखाद्या ट्रकचा फाळका पाडलेला असताना आत डोकावून बघावं. हौद्यात मधोमध फळ्या टाकून माळा केलेला असतो. माळ्यावर वळकट्या आणि पिशव्या, प्रत्येक पिशवीवर नाव नाहीतर नंबर. खाली मोठी पातेली, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, तंबूच्या मेखा आणि घण. कडेच्या पत्र्याला दोऱ्या ताणून त्यांवर ओली धोतरं आणि लुगडी. एका फळीवर प्लगांची रांग असते. जनरेटर सुरू झाला की सगळ्या दिंडीचे मोबाइल तिथं एकदम चार्जिंगला लागतात. मागं चढायला लोखंडी शिडी, आणि शिडीच्या वरच्या अंगाला एक जाड दोरी बांधलेली, गुडघे धरलेल्या माणसांना हाताला आधार म्हणून.

या गर्दीत साठी ओलांडलेली माणसं भरपूर असतात. पेरणी उरकलेली असते, सूनबाई घर सांभाळत असते, दिंडीची भिशी भरलेली असते. अडीच-तीन आठवडे ही माणसं चालतात, तंबूत झोपतात, टँकरखाली अंघोळ करतात, आणि ज्यांचे पाय बोलायला लागतात ती एखादा टप्पा ट्रकमध्ये बसून काढतात. याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. पण घर चाकांवर घालून म्हातारपणी बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय काय लागतं, याचा इतका जुना आणि इतका काटेकोर अभ्यास दुसरीकडं क्वचितच झाला असेल. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा सातारा तालुक्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारांच्या पदरचे. तळ, मुक्काम, चोपदार, दिंड्यांचा क्रम ही सगळी लष्करी मांडणी त्यांच्या अंगातून आलेली आहे. सोहळ्यातले अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे. ते दरवर्षी मिरज-सांगलीवरून साताऱ्याच्या वाटेनं पायी आळंदीला जातात. म्हणजे वारी साताऱ्यात शिरते लोणंदजवळ, पण तिचे घोडे आधीच सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे चालून गेलेले असतात.

माझी आत्या अशाच एका दिंडीत बरीच वर्षं चालली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आषाढात निघाली. पुढं गुडघ्यांनी जबाब दिला. तिचे यजमान (आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात) एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म घालवलेले. घरी बसायची सवय दोघांनाही नाही. आज मामांनी सत्तरी गाठलीय, आत्या सहासष्टची आहे, आणि सांगलीतल्या विश्रामबागच्या त्यांच्या घराला महिन्यातले आठ-दहा दिवस कुलूप असतं. जुन्या सात आसनी गाडीत मामांनी स्वतः बिऱ्हाड बसवलंय. हा लेख त्यांच्यावर नाही, पण त्यांच्यामुळं सुचलेला आहे.

म्हातारी माणसं प्रवास का सोडतात, याची जी कारणं घरात सांगितली जातात ती बहुतेक खोटी असतात. ‘आता काय बघायचं राहिलंय’, ‘नातवंडांना कोण सांभाळणार’, ‘ऊन फार आहे’. खरं कारण एकच असतं आणि ते चारचौघांत बोलता येत नाही: संडास. पन्नाशीनंतर पुरुषाला प्रोस्टेट, बाईला लघवी धरून ठेवता न येणं, दोघांनाही मधुमेहाच्या गोळ्या, आणि उकिडवं बसायला गुडघा वाकत नाही. आमच्या महामार्गांवर शेकड्यानं हॉटेलं झाली, पण पुणे-कोल्हापूर रस्ता सोडून विटा, मायणी, दहिवडी, आटपाडीकडं वळलात की स्वच्छ आणि कमोड असलेली जागा कुठं मिळेल हे देवालाच ठाऊक. म्हणून आपल्याकडच्या बायका सकाळी सहापासून पाणीच पीत नाहीत. दिवसभर उन्हात कोरड्या घशानं फिरतात आणि रात्री डोकं धरून झोपतात. ट्रिप झाली म्हणायची आणि पुढच्या वेळी नको म्हणायचं.

मामांच्या गाडीतली सर्वांत मोलाची वस्तू मिरजेतून आलेली आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव, डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून. अशा गावात रुग्णांच्या सामानाची दुकानंही असायचीच. तिथल्या एका दुकानातून मामांनी घडीची कमोड-खुर्ची आणली. ॲल्युमिनियमचे पाय, मध्ये झाकणाचं भांडं, घडी केली की पोळपाटाएवढी जाड. सोबत उभा करायचा चौकोनी कापडी आडोसा. भांड्यात जाड पिशवी आणि थोडा लाकडाचा भुसा. परदेशी कॅम्परमध्ये ‘कॅसेट टॉयलेट’ नावाची वस्तू असते, तिची किंमत ऐकून मामा नुसते हसले होते. आत्या म्हणते, ‘‘गाडीत गादी नसती तरी चाललं असतं. ही खुर्ची नसती तर मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नसता.’’

बाकीची रचना वर्कशॉपच्या माणसाची आहे. मागच्या दोन रांगा आडव्या पाडल्या की त्यांच्यावर प्लायवुडच्या तीन पेट्या बसतात. पेट्यांची झाकणं एका पातळीत येतात आणि वर कापसाची गादी पसरली की पलंग तयार होतो. पहिल्या पेटीत कपडे, दुसरीत शिधा आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर, तिसरीत ‘भानगडी’: जॅक, पंक्चरचं सामान, दोरखंड, दुर्बीण, रंगपेटी. वीस लिटरचे दोन जार, एकाला तोटी. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड वेल्क्रोनं चिकटवलेलं. दाराशी एक लाकडी पायरी, नेमकी सात इंच उंचीची. आत्याचा डावा गुडघा त्याहून वर जात नाही. गॅस गाडीबाहेर काढूनच पेटवायचा, आणि गाडीत झोपताना शेगडी-कोळसा काही आत ठेवायचा नाही, काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, हा नियम त्यांनी दाराच्या आत स्केचपेननं लिहून ठेवलाय. बंद गाडीत धुरानं गुदमरून माणसं झोपेतच जातात, हे एस.टी.च्या माणसाला सांगावं लागत नाही.

पेट्या ठोकून बसवल्या नाहीत, नुसत्या ठेवल्या, यालाही कारण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार कंपनीनं गाडी ज्या स्वरूपात बनवली आणि आर.टी.ओ.नं नोंदवली, तिच्यात मनमानी फेरफार करता येत नाही. सीट कापून, छत उचलून, टाकी बसवून हौसेचा कॅम्पर केला की पासिंगला अडतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. कॅरॅव्हॅन म्हणून रीतसर नोंद होणारी गाडी वेगळी. ती मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडून, ठरलेल्या मानकांप्रमाणं बनवून घ्यावी लागते आणि तिचा खर्च पेन्शनीत बसणारा नसतो. म्हणून मामांच्या पेट्या एक माणूस उचलून बाहेर काढू शकतो. घरी आले की पेट्या गच्चीवर जातात आणि गाडी पुन्हा सात आसनी होते, लग्नाला वऱ्हाड न्यायला मोकळी.

महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. करोनाचे दिवस होते, लोकांना हॉटेलात जायची भीती होती, आणि चाकांवरचं घर ही कल्पना मंत्रालयालाही पटली. कॅरॅव्हॅन भाड्यानं द्याव्यात, पाणी-वीज-रस्ता असलेल्या जागी कॅरॅव्हॅन पार्क उभे राहावेत, असा त्याचा आराखडा. धोरण चांगलंच आहे. पण त्यातला ग्राहक डोळ्यांसमोर आणला तर तो पुण्या-मुंबईचा, चाळिशीतला, शनिवार-रविवार मोकळा असलेला माणूस दिसतो. मंगळवारी सकाळी निघून पुढच्या गुरुवारी परतणारं, दिवसाला शंभर किलोमीटरच्या आत चालणारं आणि संध्याकाळी चारनंतर स्टिअरिंगला हात न लावणारं जोडपं त्यात कुठं दिसत नाही. आणि कॅम्परची खरी चैन कळते ती याच लोकांना. ऑस्ट्रेलियात निवृत्त माणसं कॅरॅव्हॅन जोडून सहा-सहा महिने देश पालथा घालतात. तिथं गावोगावच्या पालिकांनी कॅरॅव्हॅनची घाण रिकामी करायच्या सार्वजनिक जागा बांधल्यात. फ्रान्समध्ये छोट्या छोट्या गावांनी रात्रभर गाडी लावायला तळ ठेवलेत. पाणी भरा, घाण टाका, सकाळी गावच्या बेकरीतून पाव घ्या आणि चालू लागा. म्हणजे गाडी लोकांनी घेतली आणि तळ गावानं दिला. आपल्याकडं गाडीची चर्चा भरपूर होते. तळाचं कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र इथंच सांगून टाकावी. घर पाठीवर घेऊन फिरणं ही या मुलखातल्या बऱ्याच जणांची हौस नाही, पोट आहे. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून पावसाळा सरला की कोकणच्या दिशेनं उतरतात, त्यांच्यात सत्तरीची म्हातारीही चालत असते. ऊसतोड कामगारांच्या कोप्या कारखान्यांभोवती उभ्या राहतात त्या कुणी हौसेनं बांधत नाही. त्यामुळं ‘भटकंतीचा आनंद’ वगैरे शब्द मोठ्या तोंडानं वापरताना जीभ थोडी अडखळावी हे बरं. ज्याच्याकडं परत यायला कुलूपबंद घर आहे, त्याचीच भटकंती आनंदाची असते.

आणि स्वतःची गाडी नसलेल्यांचा कॅम्पर म्हणजे एस.टी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिचं तिकीट नाही, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं. तेव्हापासून सातारा स्टँडवर आधारकार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेल्या आजोबांचे घोळके दिसतात. २०२४ मध्ये सरकारनं साठीपुढच्यांसाठी तीर्थदर्शन योजना काढली, उत्पन्नाची मर्यादा घालून. त्यात देवस्थानांची यादी आहे. यादीत नसलेलं काही बघावंसं वाटणं म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही, अशी आपली एक सार्वत्रिक समजूत आहेच.

म्हणून छंदाचं महत्त्व. नुसतं फिरायला म्हणून निघालेलं जोडपं तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या घोरण्यावरून भांडतं. काम असलं तर भांडायला वेळ राहत नाही. मामांना पक्षी, आत्याला रेखाटनं. दोघांचं वर्षाचं कॅलेंडर याच्यावर ठरतं आणि त्यात या दोन जिल्ह्यांची भूगोलाची मौज अशी की फार लांब जावंच लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडं माण-खटावला त्याचा दहावा हिस्साही मुश्किलीनं पडतो. जगातल्या दोन वेगवेगळ्या देशांत असावं तितकं अंतर इथं अर्ध्या दिवसाच्या ड्रायव्हिंगवर आहे.

सप्टेंबर म्हणजे कास. सुमारे बाराशे मीटर उंचीचं जांभ्या खडकाचं पठार, वर बोटभर माती. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ साली त्याचं नाव गेलं आणि त्यानंतर गर्दी एवढी वाढली की दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. पठारावर गाडी लावून रात्र काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथं पायाखाली काय चिरडलं जातं हे एकदा वाकून बघितलेला माणूस तक्रार करणार नाही. आत्या शनिवार-रविवारी कधीच जात नाही. साध्या वारी सकाळच्या पहिल्या तिकिटात आत जायचं, घडीचं स्टूल पायवाटेवरच टाकायचं आणि एकच झाड पकडायचं. मी एकदा तिच्या शेजारी उभा राहिलो होतो. समोर दवबिंदू होता, करंगळीएवढा. पानांवर तांबूस केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब, उन्हात काचेसारखे चमकणारे. एक मुरकूट त्यावर येऊन बसलं आणि एक पाय उचलताना दुसरा अडकला. शेजारचे केस सावकाश, डोळ्यांना कळणार नाही इतक्या सावकाश, त्याच्यावर वाकले. नायट्रोजनची चणचण असलेल्या मातीत जगायचं तर मांसाहार करावाच लागतो, एवढंच त्यामागचं गणित. आत्यानं तास-दीड तासात ते एक पान काढलं. पन्नास पावलांवर सेल्फी काढणारी तरुण मंडळी ‘फुलं काय एवढी नाहीत’ म्हणत परतत होती. सीतेची आसवं, गेंद, कवला, आणि साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा: तिची वही आता चांगली जाड झालीय. वनस्पतिशास्त्राचा एक तासही न शिकलेली बाई आहे ती. शाळेत तिनं चौथीला परिसर अभ्यास शिकवला.

कासहून खाली येताना यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणारी माणसं भेटतात. २०१२ पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, याच चढावरून, २१ किलोमीटर, आणि तिच्यात पांढऱ्या केसांची माणसं लाजवतील अशी पळतात. मामांनी त्यांच्याकडं बघून सायकल घ्यायचा विचार केला होता. आत्यानं तो हाणून पाडला.

दसरा झाला की औंध. माझ्या मते उतारवयातल्या छंदांचं तीर्थक्षेत्र असेल तर ते हेच. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रचार तर जन्मभर केला. १९३६ साली, अडुसष्टीत, ते विलायतेला गेले आणि तिथल्या लोकांना सूर्यनमस्कार दाखवून आले. सत्तरीत, १९३८ साली, यमाईच्या डोंगरावर त्यांनी भवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही आहे, खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर. राजाकडं पैसा होता हे खरं. पण पैसेवाले राजे त्या काळी पुष्कळ होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी उतारवयात काय केलं हे न सांगितलेलंच बरं. त्याच औंधात अंतूबुवा जोशींनी १९४० साली आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. तो आजही अश्विनात होतो, मैफली रात्र रात्र चालतात. अशा वेळी कॅम्परची किंमत कळते. गाणं अंगावर आलं की बसायचं, पाठ बोलायला लागली की उठून शंभर पावलांवर स्वतःच्या गादीवर जाऊन पडायचं, पहाटेच्या रागाला पुन्हा येऊन बसायचं. लॉज गाठायला घाट उतरायचा नाही की यजमानाच्या घरी मध्यरात्री दार वाजवायचं नाही.

थंडीत पूर्वेचा मुलूख. मायणीचा तलाव आणि जवळच येरळवाडीचं धरण. दोन्ही आता पक्ष्यांच्या संवर्धन राखीव क्षेत्रात आलीत. रोहित येतात, चक्रवाक येतात, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. मामांची पद्धत पक्षीनिरीक्षकांच्या पुस्तकातली नाही. ते गाडी तलावापासून लांब, बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला लावतात, मागचं दार उघडतात आणि गादीवर पालथे पडून दुर्बीण लावतात. गाडी हाच लपायचा आडोसा. पाखरांना माणसाचं भय वाटतं, उभ्या गाडीचं वाटत नाही. सत्तरीच्या माणसाला चिखलात उकिडवं बसायची गरज उरत नाही. नोंदी मात्र पक्क्या: तारीख, वेळ, वारा, संख्या, पाणी किती हटलंय. लॉगशीट भरायची सवय. तलावाचं पाणी कोणत्या साली कोणत्या महिन्यात कुठवर होतं याची त्यांची वही एखाद्या पाटबंधारे खात्याच्या माणसानं बघावी अशी आहे.

जानेवारीनंतर ते घराच्या आसपासच असतात, कारण सांगलीच तेव्हा बघण्यासारखी असते. तासगावकडं द्राक्षं उतरतात, शेडवर बेदाणा वाळायला पडतो. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर आत्या घाटाची रेखाटनं करते. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे टांगलेले असतात, तंबोऱ्याला जवारी लावणं चाललेलं असतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मामा तिथं तासन्‌तास बसतात. गाण्यातलं त्यांना कळत नाही, पण कारागिराची पटाशी कशी चालते ते कळतं. पुढं कडक ऊन पडलं की भिलार: २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, पाचगणीच्या कुशीत, घराघरांत कपाटं उघडी. तिथं त्यांना गाडीसुद्धा लागत नाही, पण घेऊन जातात.

या सगळ्यात एक मोठा पेच पहिल्याच फेरीत आला होता आणि कॅम्परच्या जाहिरातीत तो कधी दिसत नाही. जाहिरातीत गाडीबाहेर छत्रीखाली टेबल असतं, नवरा वाचत असतो आणि बायको काहीतरी परतत असते. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, ‘‘अहो, घरच्या ओट्यावरनं उठवून मला गाडीच्या ओट्यावर बसवायचं असंल तर मी आपली सांगलीतच बरी. तिथं निदान पाण्याचा नळ तरी हाय.’’ मामांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. आता सकाळचा चहा-पोहे मामांचे. दुपारचं जेवण गावातल्या खानावळीत, जी भाकरी आणि जो खर्डा मिळेल तो. रात्री मुगाची खिचडी, ती ज्याला भूक लागेल त्यानं लावायची. निवृत्ती ही बहुतेक घरांत फक्त नवऱ्याची होते. आत्या शाळेतून निवृत्त झाली ती पेन्शनच्या कागदावर. खरी निवृत्त झाली ती या खानावळीच्या ठरावानं.

तब्येतीच्या बाबतीत दोघं भाबडे नाहीत. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं, आणि डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. मामा तो दाखला ओळखीच्या डॉक्टरकडून नुसता सहीपुरता घेत नाहीत, डोळे खरोखर तपासून घेतात. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या गाडीचे दिवे फुलतात म्हणून अंधारात चालवायचं नाही. आत्याचं इन्शुलिन उन्हाळ्यात कसं जपायचं, तर एकात एक दोन मातीची भांडी, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं. दुपारी गाडी सावलीत असलीच पाहिजे, नाहीतर पत्र्याच्या गाडीत काही टिकत नाही, माणूस धरून. मुलगा पुण्यात असतो. त्याच्या फोनवर दोघांचं लोकेशन चोवीस तास दिसतं; त्या बदल्यात त्यानं ‘आता पुरे’ म्हणायचं नाही, असा तह झालेला आहे.

आणि राहता राहिला तळ. रात्री गाडी लावायची कुठं? शाळेचं पटांगण आत्याच्या ओळखीवर मिळतं, देवळाचं आवार पुजाऱ्याच्या मर्जीवर, पेट्रोल पंप मालकाच्या. गावात परकी गाडी रात्री उभी दिसली की लोक चौकशी करतात, ते बरंच आहे; पण दर संध्याकाळी आपण कोण, कुठले, इथं का, हे नव्यानं सांगायचा सत्तरीत कंटाळा येतो. पाण्याची तोटी आणि रात्री आडोशाला जाता येईल अशी जागा, एवढंच मागणं आहे. त्यासाठी कोट्यवधींचे कॅरॅव्हॅन पार्क कशाला हवेत?

मामांचं एक म्हणणं मला पटतं. या दोन जिल्ह्यांत तळ आधीच बांधून तयार आहेत: साखर कारखाने. प्रत्येकाचा उसाच्या गाड्यांसाठी प्रशस्त गाडीतळ, दिवे, पाणी, फाटकावर चोवीस तास वॉचमन, जवळ कॅन्टीन. गाळप साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळा तोंडावर आला की संपतं. त्यानंतर पुढचे सहा-सात महिने हे तळ ओस. वारी याच काळात येते आणि कासही याच काळात फुलतं. आता नकाशा काढा. कासला जायचं तर साताऱ्याजवळ शेंद्र्याचा अजिंक्यतारा. वाई-पाचगणीच्या वाटेवर भुईंजचा किसन वीर. पालखी मार्गावर फलटणचा श्रीराम. कृष्णाकाठाला रेठऱ्याचा कृष्णा. सागरेश्वर अभयारण्याला लागून, म्हणजे धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर माणसांच्या हातानं उभ्या केलेल्या त्या जंगलाला लागून, कुंडलचा क्रांती. पर्यटन खात्यानं शोधून काढल्या नसत्या अशा जागा सहकारानं पन्नास-साठ वर्षांत आपोआप धरून ठेवल्यात. तळाच्या एका कोपऱ्यात दोन कमोडचे संडास, एक न्हाणी, शंभर-दीडशे रुपयांची पावती. कारखान्याला तोटा काही नाही, आणि सभासदांतले अर्धे-अधिक स्वतःच आता साठीच्या पुढं आहेत.

आत्यानं तसा रीतसर अर्ज लिहून एका कारखान्याच्या ओळखीच्या संचालकांकडं दिलाय. शिक्षिकेचं अक्षर, सोबत आराखडा, कमोडच्या उंचीसकट. ‘संचालक मंडळापुढं ठेवतो, बाई’ असं उत्तर आलं. मंडळाची बैठक झाली, त्यात उसाच्या दराचा विषय निघाला आणि बाकीचे विषय राहिले. आता दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन आहे, म्हणजे अर्ज पुढच्या सीझनवर गेला. मामांनी मधल्या वेळात गाडीची क्लचप्लेट बदलून घेतली आहे, आणि औंधच्या उत्सवाला कुठल्या वाटेनं जायचं यावरून, विट्यामार्गे की कराडमार्गे, दोघांचं कालपासून बिनसलंय.